बाहेर, आत आणि उणेसर

उणेसर हे नाव मुलांनीच ठेवलं होतं. फळ्यावर गणित पडलं की सर पहिल्यांदा खडू आपटून विचारत, "उणं कुठंय? उणं बघा आधी!" उभा जन्म त्यांनी हाच घोषा लावला. घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला तो त्यांनीच. आता तो मुलाच्या हातात गेला होता, बाकांच्या जागी गादीच्या खुर्च्या आल्या होत्या आणि सरांकडे आठवड्यातून एक तास उरला होता, तोही मुलाच्या मेहेरबानीने.

मुलगा द्विघाती असमानता दोन शब्दांत उरकायचा. चिन्ह 'मोठं' असलं की उत्तर दोन मुळांच्या बाहेर, 'लहान' असलं की आत. "बाहेर, आत! संपलं!" पोरं टाळ्या पिटायची. एक्स वर्गाच्या आधी वजा असला की हे सगळं उलटं होतं, एवढं सांगायला मात्र त्याला फुरसत नव्हती.

उणेसर आपल्या तासाला संख्यारेषा आखत. दोन मुळं, तीन तुकडे. प्रत्येक तुकड्यातली एक संख्या घालून बघायची, खरं ठरतं का. वर्ग जांभया द्यायचा.

"बाबा, परीक्षेत घड्याळ असतं," मुलगा म्हणाला. "तुमचं हे दळण कोण ऐकणार?"

ऐकायची ती फक्त शिवणवाल्या बाईंची मुलगी. तिला सरकारी कॉलेजातच जागा हवी होती. दुसरीकडची फी आईला झेपणारी नव्हती.

"सर, वेळ फार जातो हो," ती एकदा कुरकुरली.

"जाऊ दे. चुकण्यापेक्षा बरं."

प्रवेश परीक्षेत नेमकं एक्स वर्गाआधी वजा असलेलंच गणित आलं: −x² + 5x − 6 > 0. क्लासच्या झाडून सगळ्या पोरांनी 'बाहेर' लिहिलं, म्हणजे दोनपेक्षा लहान किंवा तीनपेक्षा मोठं. नुसतं शून्य घालून बघितलं असतं तरी कळलं असतं. उणे सहा शून्यापेक्षा मोठं कुठल्या जगात असतं? मुलीने बघितलं. शून्य चालेना, चार चालेना, अडीच चाललं. दोन आणि तीनच्या मध्ये, असं तिने लिहिलं. सगळा पेपर तिने असाच डोळ्यांत तेल घालून सोडवला आणि वेळ संपून शेवटचं गणित कोरं राहिलं.

उणेसरांना आनंद झाला. पोराची चांगली जिरली, आता तरी त्याचे डोळे उघडतील, असं वाटलं त्यांना.

पोराने डोळे नाही, तोंड उघडलं. सगळे क्लासवाले गोळा करून तो परीक्षा मंडळावर गेला. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा, मुलांवर अन्याय! मंडळाने कटकट नको म्हणून त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना वाटून टाकले. बरोबर लिहिलेल्यांना, चूक लिहिलेल्यांना, सरसकट.

निकालानंतर दारावर हसऱ्या पोरांच्या फोटोंचा फलक चढला. उणेसर त्याच्याखाली चपला घालत होते, तेवढ्यात शिवणवाल्या बाईंची मुलगी आली. तिची जागा थोडक्यात हुकली होती. त्या कोऱ्या गणिताचे गुण कमी पडले होते.

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने सरळ विचारलं, "सर, मी पण बाहेर-आत केलं असतं तर?"

पोरीला काहीतरी गोड सांगावं असं सरांना फार वाटलं, पण तपासून बघायची सवय सुटेना.

"मिळाली असती जागा," ते म्हणाले.