हळदीकुंकवाच्या सह्या

नवऱ्यांनी मारलेल्या, टाकलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी सरकारकडे अर्ज करायचा होता, आणि त्यावर सह्या गोळा करायला मी हळदीकुंकू ठेवलं. यात काय चुकलं हे ज्यांना पटकन कळलं नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मलाही कळलं नव्हतं, आणि मी तर बी.ए. होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला पहिल्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो, नवरा, मी आणि सासूबाई. सासरच्या छळाविरुद्ध कायदा नुकताच झाला होता, पण चौकीत तक्रार लिहूनच घ्यायचे नाहीत. म्हणून राज्यभरातल्या महिला मंडळांनी मिळून एक अर्ज तयार केला. प्रत्येक चौकीत बाईची तक्रार लिहून घेतलीच पाहिजे, तिची नक्कल तिच्या हातात दिली पाहिजे, आणि प्रत्येक जिल्ह्यात अशा बाईला मुलांसकट राहायला जागा पाहिजे. आमच्या मंडळाची चिटणीस मी. खांद्याला शबनम, डोळ्यांवर बशीएवढा चष्मा, आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘शोषण’.

संक्रांत जवळ आली होती. सभेला जाते म्हटलं तर नवरे अडवतील, पण हळदीकुंकवाला कोण अडवणार? ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं.

भांडुपहून एक मावशी आमच्याकडे कुळथाचं पीठ आणि आमसुलं घेऊन यायच्या. मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली, यांचा हात मोडला आणि यांना बाहेर काढलं. मंगळसूत्र त्याने ओढून तोडलं. कुंकू यांनी स्वतः पुसलं, नवरा जिवंत असताना. पण चौदा वर्षांची मुलगी त्या घरातच राहिली होती आणि आता मार तिला बसत होता. मावशी तीनदा चौकीत जाऊन आल्या होत्या. तक्रार कागदावर चढली तर पोर बाहेर निघेल, एवढंच त्यांना हवं होतं.

मी म्हटलं, “मावशी, शुक्रवारी चारला या. सगळ्यांसमोर बोला.”

“येतंय. वाडीतल्या दोघी-तिघी हाडू?”

“आणा ना!”

शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी तिळाचे लाडू वळून दिले. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. बायका यायला लागल्या तशा त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं. थांबा म्हणायचं मात्र सुचलं नाही.

घर भरलं. काळ्या साड्या, गजरे, अत्तरदाणी, वाणाला प्लास्टिकच्या साबणाच्या डब्या. पाच वाजले तरी मावशींचा पत्ता नाही. मग मीच उभी राहिले आणि भाषण ठोकलं. “आज आपली एक पीडित भगिनी येणार होती. पण शोषित स्त्रीची भीती बघा! ती दारापर्यंत येते आणि उंबरठा ओलांडू शकत नाही!”

टाळ्या. एकीने तर डोळे पुसले. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या, डब्या घेतल्या आणि गेल्या.

शेवटच्या बाईला पोचवायला मी जिन्यात आले, तर खालच्या पायऱ्यांवर पाचजणी बसलेल्या. मावशी, त्यांच्याबरोबरच्या तिघी, आणि किटली मांडीवर घेतलेल्या आमच्या सासूबाई. मागच्या दाराने त्या कधी उतरल्या, देव जाणे. पाचही कपाळं मोकळी.

“अय्या मावशी, वर का नाही आलात?”

“तुझ्या हातात काय आसा ता बघ.”

हातात कुंकवाचा करंडा होता. तासभर धरून होते, विसरूनच गेले होते.

“आमच्या कपाळाक काय लावतलंस?” मावशी म्हणाल्या. “आणि वर माका घाबारलंय म्हणान सांगलंस. सगळा आयकाक येत होता.”

“येणारच,” सासूबाई कपात चहा ओतत म्हणाल्या. “सुनेचा आवाज खणखणीत आहे हो माझ्या.”

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण सोसायटीचा जिना पक्का होता. “चला ना वर,” मी पुटपुटले.

“वर कशाला आता? बस इथेच,” सासूबाई म्हणाल्या. “कागद आण. आणि तो करंडा ठेव गं बाई कुठेतरी.”

मी बसले. मावशी सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मग त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी ऐटीत वाचलं, “सदर महिलेस अमानुष छळास सामोरे जावे लागले.”

“ह्या कोणाचा?”

“तुमचंच की.”

“माजा नाय. हात मोडलो तो लिही. उजवो. पोळपाटान.”

मी खोडलं आणि लिहिलं. उजवा हात, पोळपाटाने. बाकीच्या तिघींचंही तसंच, त्या बोलल्या तसं. आयुष्यात पहिल्यांदा मी तासभर गप्प बसले. नंतर नवऱ्याला सांगितलं, तर त्याला ते खरं वाटेना.

सह्यांचे गठ्ठे आणि जिन्यात लिहिलेले ते कागद पोचल्यावर सरकारी समितीने बायकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. घाटकोपरच्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही गेलो आणि मी दारातच थबकले. कोल्हापूरच्या, नांदेडच्या, पार चंद्रपूरच्या बायका रात्रभर प्रवास करून आल्या होत्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या गळ्यापाशी भाजल्याचा डाग, पिशवीत भाकरी. एवढ्या जणी! मला वाटायचं, या बायकांना आवाज द्यायचं काम माझ्याकडे आहे. इथे माझ्या आवाजाची कुणाला गरजच दिसेना. मी मुकाट्याने मागच्या बाकावर सासूबाईंशेजारी बसले.

मावशींचं नाव पुकारलं. टेबलामागचे साहेब हाताची घडी घालून बसले होते. मावशींनी सुरुवात केली. “पयल्यांदा गेलंय, तेव्हा म्हणाले, घरातला भांडाण घरात मिटवा. दुसऱ्यांदा गेलंय, तर नवऱ्याकच बोलावल्यानी, चाय पाजल्यानी आणि माका त्येच्यावांगडा परत घराक धाडल्यानी. तिसऱ्यांदा पेनाचा टोपाण पण काढूक नाय.”

आणि त्या थांबल्या. साहेब म्हणाले, “बोला, बोला बाई, ऐकतोय मी.”

“साहेब, तुमचा पण पेन खिशातच आसा.”

साहेबांनी घडी सोडली, खिशातून पेन काढलं, कागद पुढे ओढला.

“हां. आता पयल्यापासून सांगतंय,” मावशी म्हणाल्या. आणि खरंच पहिल्यापासून सांगितलं, शब्दाला शब्द तोच. मुलीचं नाव नीट लिहिलंय का ते वाचून दाखवायला लावलं, मगच बसल्या.

पुढे जी जी बाई उभी राहिली, ती आधी साहेबांच्या हाताकडे बघायची. पेन दिसलं की मग बोलायची. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सासूबाई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या आणि मी जत्रेत हरवलेल्या पोरीसारखी तोंड उघडं टाकून बघत होते.

राज्यभर तो नियम लागू व्हायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पण मावशींची तक्रार त्याच महिन्यात चौकीत लिहिली गेली, नक्कल त्यांच्या हातात आली. मुलीला आणायला मावशींबरोबर दोन शिपाई गेले आणि सासूबाई गेल्या. मला त्यांनी नेलं नाही. “तू भाषण करशील,” म्हणाल्या.

चार दिवसांनी मावशी मुलीला घेऊन दारात आल्या. काटकुळी पोर, आईच्या पदराचं टोक मुठीत धरलेलं. दोघींना आत घेतलं, बसवलं आणि मला रडूच फुटलं. “मावशी, त्या दिवशी माझं फार चुकलं हो,” मी म्हटलं.

मावशींनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“चुकलंस ता खरा. पण आता रडान काय उपयोग? हिचो शाळेचो दाखलो काढूचो आसा, आणि थय बापाशीची सही मागतत. ता कोणाक सांगूचा, ता बघ आधी.”