मरोळची खोली आणि मावशीची कपबशी

खोली आधी बुक करावी की पोचल्यावर शोधावी, यावरून आमच्या घरात कायमचे दोन तट. नवरा टपरीवरच्या चहाचंही आगाऊ बुकिंग करेल असा. मी गोकर्णला पाठीवर सॅक टाकून दारोदार खोली विचारत फिरलेली. पण यंदा मुंबईची उपनगरं एकटीने हिंडायची ठरवली, तेव्हा तो म्हणाला, "मुंबई आहे ती. आयत्या वेळी वाट लागेल." मी मुकाट्याने मरोळला दोन रात्रींची खोली घेतली.

चिपळूणहून सकाळची बोरिवली एसटी पकडली. गाडी माणगावला रखडली, मग वाकोल्याला पुन्हा. अंधेरीला हायवेवर उतरून मेट्रोने मरोळ नाका. खोली स्वच्छ होती, पण खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर भिंत. ॲपवरच्या फोटोत तिथे छानसा पडदा होता. बुकिंग करताना फोटोंना भुलू नका, स्टेशन जवळ आहे ना ते बघा.

संध्याकाळी पुन्हा मेट्रो, घाटकोपरकडे. असल्फ्याच्या डोंगरावरची रंगवलेली घरं बघायला मी दाराशीच उभी राहिले. घाटकोपरला माझी सख्खी मावशी राहते. शाळेत असताना माझी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिच्याच खोलीत गेली. आता त्याच खोलीत मुलगा, सून, नातवंडं. तिला कशाला त्रास, असा मी विचार केला होता.

"कुठे उतरलीस गं?" तिने दारातच विचारलं.

"अंधेरीला, हायवेवर."

"ते नाही. बॅग कुठाय तुझी?"

"मरोळला. हॉटेलात."

मावशी आत वळली. सुनेने चहासाठी नेहमीचा स्टीलचा पेला काढला होता. "तो ठेव. कपबशी काढ," मावशी म्हणाली. "पाहुणी आहे ती."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आत्ता जाऊन बॅग घेऊन येते.

"राहू दे. पैसे भरलेस ना?"

दुसऱ्या दिवशी बोरिवलीला कान्हेरी लेणी पाहिली. सोमवार टाळा, लेणी ज्यात आहेत ते नॅशनल पार्क बंद असतं. गेटपासून वर जायला बस मिळते, पण खाण्याचं बरोबर न्या. भिक्षूंच्या खोल्यांत झोपायला दगडी ओटे कोरलेत. पावसाळ्यात आयत्या वेळी दारात आलेल्या भिक्षूला जागा कोण देत असेल? की त्यांच्यातही कुणी आधीच सांगून ठेवत असेल? बराच वेळ त्या ओट्यावर बसले होते. डोक्यात मात्र ती कपबशीच.

घरी परतल्यावर नवऱ्याने विचारलं, "झालं ना बुकिंगने काम?" झालं होतं. खोलीबद्दल माझी काही तक्रार नाही. अनोळखी शहरात एकट्या जाणाऱ्या बाईने आधी खोली घ्यावीच, हे माझं आता मत आहे.

परवा मावशीचा फोन आला. पुढच्या महिन्यात ती एका लग्नाला चिपळूणला येतेय. "तुमच्या स्टँडजवळ लॉज बरं आहे ना गं? पोराने ऑनलाइन बुक केलंय. तुला कशाला त्रास."

"लॉज? आम्ही काय मेलो का इथे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे मावशी खुदकन हसली.

"लागलं ना? बुकिंगबिकिंग काही नाही, तुझ्याकडेच उतरतेय," ती म्हणाली. "आणि चहा पेल्यातच दे हां."