नोटिशीचं दुसरं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली बातमी लिहायला शिकलो त्या संपादकांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही — आणि मधेच उठून गेलात तरी मला कळणार नाही.

मी उमरगा तालुक्याचा वार्ताहर. मुरूमला एक कंपनी आहे. डाळी, तेल, साखर गोदामात आणायची आणि कर्नाटक सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या किराणा दुकानांना पोचवायची, हा तिचा धंदा. कंपनी शेअर बाजारात आहे. एका वर्षी तिनं बोनसऐवजी आपल्या माणसांना शेअर दिले. बहुतेकांनी लगेच विकले. गोदामातले मापाडी निसारभाई यांनी ठेवले. दिवाळीच्या आगेमागे लाभांश यायचा, तो ते धाकट्या मुलीला द्यायचे. शाहीनला. नवऱ्यानं सोडल्यावर ती माहेरी आली होती आणि घर दोन भावांच्या हातात होतं. भावांच्या तोंडाकडं न बघता वर्षातून एकदा तिला स्वतःचे चार पैसे मिळावेत, एवढाच त्या शेअरचा उपयोग. ते तिच्या नावावर करायचं निसारभाईंनी ठरवलं होतं. मुलांना सांगितलं नव्हतं.

मग माझं त्यांच्याशी वैर काय? हसाल तुम्ही.

एका बातमीत मी लाभांशाला 'व्याज' म्हटलं. घाई होती — असो, चूक होती. कंपनीची वार्षिक सभा मंगल कार्यालयात व्हायची, सभेनंतर जेवण असायचं. निसारभाईंनी माइक मागितला. "पेपरवाल्या साहेबांनी व्याज छापलंय. व्याज ठरल्यालं असतंय. लाभांश कंपनीनं दिला तर दिला. म्हस दूध देती म्हणून तिला ब्यांक म्हणायचं का?" मांडव हसला. मागून कुणी ओरडलं, "वार्ताहर, चरवी आणा!" दुसऱ्या दिवशी मला दुरुस्ती छापावी लागली. पुढं कित्येक महिने हॉटेलात चहा यायच्या आधी प्रश्न यायचा — काय साहेब, ब्यांक किती लिटर देती? मीही हसायचो.

निसारभाई नंतर भेटले तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "राग धरू नका, साहेब. चूक छापून कबूल करणारा मानूस म्या पयल्यांदा बगितला." ते मनापासून बोलले होते. मला ते तेव्हाही कळलं होतं.

मी राग धरला.

दोन-तीन वर्षांनी सभा मोबाइलवर होऊ लागली. निसारभाईंना ते जमेना. त्याच वर्षी त्यांना टपालानं नोटीस आली, इंग्रजीत, दोन पानांची. मुलांना दाखवावी तर शेअरचा विषय निघणार. ते ती घेऊन माझ्या घरी आले. का? — मी चूक कबूल करणारा माणूस होतो म्हणून.

मी त्यांना बसवलं. चहा सांगितला. पहिलं पान शब्द न शब्द वाचून मराठीत सांगितलं. कंपनी तामलवाडीला हमरस्त्यालगत शीतगृह बांधणार. नफा त्यात घालणार. त्यामुळे दोन वर्षं लाभांश नाही.

"म्हंजे भाकड?"

"भाकड," मी म्हणालो.

"अन् पुढच्या पानावर काय हाय?"

दुसरं पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिसऱ्या वर्षापासून नफ्याचा तिसरा हिस्सा दरवर्षी लाभांश म्हणून वाटायचा, असं धोरण संचालक मंडळानं लेखी मंजूर केलं होतं. आमच्याकडं भाकड म्हैस बाजारात नेतात, पण गाभण म्हैस कुणी विकत नाही. दुसऱ्या पानावर तेच लिहिलेलं होतं — ही गाभण आहे.

"नियम," मी म्हणालो. "आणि सह्या."

नोटीस घडी करून मी त्यांच्या हातात दिली.

क्षणाचा राग होता, असं म्हणू का? आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. लाभांश बंद म्हटल्यावर गावातले सगळेच विकायला निघाले होते, भाव पडला होता. "उद्या इकायलोय, साहेब. इकू न्हवं?" त्या आठ दिवसांत माझी झोप एकदाही मोडली नव्हती. मी म्हणालो, "विका." पडलेल्या भावातला एकही शेअर मी घेतला नाही. मला ते नको होते. मला फक्त हेच हवं होतं.

पैसे खात्यात आले आणि मुलांना कळलं. थोरल्याच्या किराणा दुकानाला नवं शटर लागलं, थंड बाटल्यांचा फ्रीज आला.

तिसऱ्या वर्षी कंपनीनं लाभांश वाटला. बातमी मीच केली — अचूक, धोरणाच्या प्रत्येक कलमासह. आणि अंक स्वतः नेऊन निसारभाईंच्या दारात दिला. याची काही गरज होती का? नव्हती. मला त्यांना वाचताना बघायचं होतं. त्यांनी चष्मा पुसला, उभ्यानं वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. शाहीन उंबऱ्यात उभी होती. तिनं विचारलं, "अब्बा, तेव्हा हे कसं कळलं न्हाय?" ते तिच्यावर चिडले. "साहेबांनी होतं तेवढं वाचलं. त्यांना नावं ठेवू नको." मी मान हलवली आणि आपली मोटरसायकल सुरू केली.

मला बरं वाटलं होतं. कबूल करायचं ते खरं तर हेच आहे. नोटीस दोन मिनिटांत झाली. बरं वाटणं पुष्कळ दिवस टिकलं.

निसारभाई गेल्या उन्हाळ्यात वारले. श्रद्धांजलीच्या चार ओळी मीच लिहिल्या.

परवा थोरल्याच्या दुकानात गेलो होतो. शाहीन आतून आली. डोळे बारीक करून, हळू आवाजात म्हणाली, "भाईजान, चष्म्याचं तेवढं बघा की." त्यानं वर न बघता सांगितलं, "म्हणलं ना, पुढच्या महिन्यात." गिऱ्हाईक म्हणून मी एकटाच होतो. तिनं मला ओळखून पदर सावरला, सलाम केला आणि विचारलं, "साहेब, काय देऊ?"

मी एक किलो साखर मागितली.