शेरा लागायच्या आधीच

अन्याय झाला माझ्या मैत्रिणीवर. बारावीच्या वर्षी, सहामाही परीक्षेच्या आधीच्या शनिवारी, भर दुपारी, प्राचार्यांच्या खोलीत. मी शेजारी उभी होते. प्राचार्यांनी तिला कॉलेजातून काढलं असं अजूनही सगळे म्हणतात. साफ चूक. तिला तिच्या वडिलांनी काढलं, आणि तेही मायेपोटी.

मैत्रीण दुसरबीडची. वडील एका खाजगी शाळेत लिपिक. आमच्या कॉलेजात विद्यार्थी संघटनेची शाखा होती, म्हणजे मूठभर पोरंपोरी, एक फाटका फलक आणि गुरुवारी चिंचेखाली बैठक. अध्यक्ष ती. बोलायला उभी राहिली की मागून एखादा ओरडायचा, "आली बे मंत्रीणबाई." ती म्हणायची, "मंत्रीण आली तं उठून उभा राह्य ना मंग." आणि तो खरंच उभा राहायचा.

त्या वर्षी विषय होता मुलींच्या संडासाचा. त्याला कायम कुलूप. चावी ऑफिसात, सगळ्या बाप्यांसमोर मागायची. ते नको म्हणून आम्ही सकाळच्या एसटीत बसल्यापासून घरी जाईपर्यंत पाणीच पीत नव्हतो. काहीजणींना लघवीची जळजळ सुरू झाली, दवाखाने झाले. मैत्रिणीनं घोषणा दिल्या नाहीत. तिनं एवढंच ठरवलं की मधल्या सुटीची घंटा झाली की सगळ्या मुलींनी ऑफिससमोर रांग लावायची आणि एकेकीनं चावी मागायची. दुसरं अवाक्षर नाही. आठवडाभरात ऑफिसचं काम ठप्प झालं.

आमच्याकडे अशा वेळी पोरीशी कोणी बोलत नाही. बापाला फोन जातो. रांगेत सगळ्यात पुढं आम्ही दोघी, म्हणून फोन आमच्या दोघींच्या घरी गेले.

तिचे वडील इस्त्रीच्या शर्टात आले. माझे वडील मोटार वायंडिंगच्या दुकानातून तसेच, नखांत ग्रीस. प्राचार्य म्हणाले, "मुली हुशार आहेत, पण हे पुढारीपण..." वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या वडिलांनी हात जोडले.

"सर, लेकरू हाय, चुकलं. टीसी द्या. मी आजच नेतो तिले."

प्राचार्यच गडबडले. "अहो, टीसीचं कुठं म्हणतोय मी? जरा समजावून सांगा, एवढंच."

"नाही सर. वर्तणूक चांगली लिहून द्या, बस."

"पप्पा, म्या काय केलं ते तं इचारा," मैत्रीण म्हणाली.

"तू बाहेर थांब."

त्या माणसाचा उभा जन्म दाखले लिहिण्यात गेला होता. दाखल्यावर वर्तणुकीची एक ओळ असते. तिथं 'चांगली' सोडून दुसरा शेरा पडला की पोरीचं लग्न, नोकरी, सगळं बुडालं, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून शेरा बिघडायच्या आधीच त्यांनी पोरगी उचलली. त्यांनी स्वतः कधी कोणाच्या दाखल्यावर 'चांगली'शिवाय काही लिहिलं नव्हतं. कोणीच लिहीत नाही.

प्राचार्य माझ्या वडिलांकडे वळले. "आणि तुमचं काय?"

"मी घरी इचारतो तिले," वडील म्हणाले.

गाडीवर बसल्यावर त्यांनी आरसा सारखा केला. मग म्हणाले, "खरंच कुलूप असते?"

"हाव."

"अन तू दिवसभर पाणी पेत नाही?"

"नाही."

"मले काऊन नाही सांगतलं?"

काय सांगणार होते मी? बापाशी असलं बोलायची आमच्यात पद्धत कुठं आहे? गावाच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली. "मले भेव वाटते, खोटं काऊन सांगू. पण गुरुवारची बैठक कधी सुटते ते सांग. एसटी हुकली तं मी येत जाईन."

आणि ते आले. कुरकुरत आले, दुकान बंद ठेवावं लागतं म्हणून चिडले, पण फाटकाबाहेर गाडी लावून थांबले. ते थांबतात म्हणून आणखी काही घरांनी पोरींना बैठकीला येऊ दिलं. आमची शाखा त्यामुळे टिकली. कुलूप आता मधल्या सुटीपुरतं उघडतात. एवढंच मिळालं.

मैत्रिणीला मलकापूरला मामाकडे पाठवलं होतं, "हवा बदलायले". वर्ष गेलंच होतं; पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवू, असं ठरलं. पुढच्या वर्षी, मी त्याच कॉलेजात पुढच्या वर्गात असताना, तिला भेटायला गेले तर ती मामाच्या कापड दुकानात ब्लाउजपीसच्या घड्या घालत होती.

"बैठक कोण घेते आता?"

"मीच."

"भेव लागते?"

"लय."

"मंग बरोबर घेत असशील."

"फॉर्म भरला का तू?"

"पप्पा म्हणते, लग्न झाल्यावर भरजो. पाहुणे येऊन गेले परवा." मग हळू आवाजात म्हणाली, "दाखला दाखवला त्याहिले. वर्तणूक चांगली."

तिनं तो फॉर्म भरलेला नाही. तिच्या वडिलांवर मला राग आहे, आणि ते वाईट माणूस नाहीत म्हणून जास्त आहे.

तुमच्या घरात पोरगी असेल, आणि ती वर्गाच्या, कॉलेजच्या, कसल्याही प्रश्नावर पुढं होऊन बोलत असेल, तर तो फोन तुम्हालाही येणार. आला की आधी तिला विचारा, काय झालं. मग तिच्यासोबत जा. खोलीत तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, समोर नाही. भीती वाटली तर वाटू द्या. तिच्या वतीनं माफी मागू नका, आणि तिचं बोलून होईपर्यंत हात जोडू नका.