नानासाहेबांचं सुतक

आमचे दाजी पुंजाराम देशमुख औरंगाबाद स्टेशनवर टांगा हाकायचे, पण बोलायला लागले की वाटावं, अर्ध्या निजाम सरकारचा कारभार यांच्याच घरातून चालतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, सारजाअक्काचा, हा नवरा. त्यामुळे मला ऐकून घेणं भागच होतं. उतारूंची दशा माझ्याहून वाईट. चालत्या टांग्यातून उडी मारायची सोय नसते.

देशमुख हे आडनाव आमच्या मुलखात काही नवलाचं नाही. गावोगाव देशमुख आहेत, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. दाजींना हे मुळीच मान्य नव्हतं. जेवढे म्हणून नावाजलेले देशमुख, तेवढे सगळे त्यांचे भाऊबंद. हैदराबादेत कुणी देशमुख कुठल्या सरकारी समितीवर नेमले गेले की दाजी स्टेशनवर गूळ वाटत. जालन्याच्या देशमुख डॉक्टरांनी कुणाचा मोतीबिंदू काढला की म्हणत, "आमच्या घराण्यात हाताला गुणच हाय." उस्मानपुऱ्यात निजामुद्दीन देशमुख नावाचे एक पेशकार राहत, कचेरीत त्यांचा मोठा दरारा. दाजींचा जोडीदार टांगेवाला मजीद एकदा मुद्दाम म्हणाला, "पुंजारामभाई, ये भी तुम्हारेच?"

"धाकटी पाती ती," दाजी म्हणाले. "मधी लई पिढ्या गेल्या."

मजीद हसता हसता घोड्याच्या तोबऱ्यात पडायचा राहिला. मग एकदा कुणा देशमुख पटवाऱ्याला अफरातफरीत बेड्या पडल्या. तेव्हा मात्र दाजी लगेच म्हणाले, "नाय नाय, ते घराणं निराळं."

या सगळ्या थोरामोठ्यांत दाजींनी जवळून पाहिलेला माणूस एकच. नानासाहेब देशमुख, वकील. रोज सकाळी त्यांना घरून अदालतीत नेऊन सोडायचं काम दाजींकडे होतं. पहिल्या दिवशी वकीलसाहेबांनी नाव विचारलं. दाजींनी सांगितलं. नानासाहेब हसून म्हणाले, "देशमुख? वा! म्हणजे आज घरच्याच गाडीतून निघालो म्हणायचं." मोकळ्या मनाचा माणूस, बोलला आणि विसरला असेल. दाजी नाही विसरले. त्या एका वाक्यावर त्यांनी आजे-पणजे उभे केले, त्यांच्यात वाटण्या करून दिल्या, एक शाखा गारखेड्याला बसवली आणि नानासाहेबांना आपले चुलतभाऊ करून टाकलं. मी तोंडावर कितीदा म्हणालो, "दाजी, कुठंतरी अंगाशी येईल हे." पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा तशी कीवही यायची. सगळं शहर त्यांना "ए टांगेवाले" म्हणून हाक मारी. "चला देशमुख" म्हणणारे एकटे नानासाहेबच.

भागूचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न जुळलं तेही या चुलतभावाच्या जिवावर. सोयगावचे बद्रीनाथ सोळुंके शेताच्या बांधाच्या खटल्यासाठी अदालतीत आले होते. स्टेशनपासून दाजींच्या टांग्यात बसले. अदालत येईपर्यंत त्यांना कळलं होतं की नामांकित वकील या टांगेवाल्याचा भाऊ आहे, आणि टांगेवाल्याला लग्नाची मुलगी आहे. सोळुंक्यांना लग्नाचा मुलगा होता. दाजी त्यांना नानासाहेबांच्या ओसरीवर घेऊन गेले. नानासाहेब म्हणाले, "या देशमुख, कुणाला आणलंत?" झालं! सोळुंक्यांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. खटला नानासाहेबांकडे गेला आणि भागू सोळुंक्यांकडे द्यायची ठरली. पोरगा चांगला होता. भागूलाही तो पसंत होता, हे ती स्वतः सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी मांडवाला आंब्याच्या डहाळ्या बांधत होतो. मजीद धावत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सांडूभाई, गजब हो गया. वकीलसाब गुजर गये. सुबू सुबू."

माझ्या हातातली डहाळी खाली पडली. माणूस गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. भाऊबंद मेला की भाऊकीला दहा दिवस सुतक. सुतकात लग्न होत नाही. आणि चातुर्मासाआधीचा हा शेवटचा मुहूर्त. पुढे एकदम दिवाळीनंतरचे. तोवर सोळुंक्यांच्या ओसरीवर दुसऱ्या कुणाची सोयरीक येऊन बसली असती, एक जमीनवाले तर आधीपासून टपलेलेच होते. बरं, सुतक नाही म्हणावं, तर नानासाहेब आपले कुणी नव्हते हे सांगावं लागणार. तसं सांगितलं की सोळुंके म्हणणार, मग तुम्ही आम्हाला फसवलं. म्हणजे भाऊ म्हणा की परका म्हणा, भागूचं लग्न मोडणारच.

अक्काला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला आणि क्षणात डोकं चालवलं. सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर. आणि एकदा देवक बसलं की मग सुतकाची आडकाठी राहत नाही. देवक बसायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. "तवर ह्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाय," अक्का म्हणाली. "अन् सांडू, तू ह्यांना एकटं सोडलंस तर माझ्याशी गाठ हाय."

मग मी आणि मजीदने त्या माणसाला जो काही राबवला! आधी म्हणालो, चुलवण हलवायचं आहे. ते हलवलं. मग म्हणालो, पहिलीच जागा बरी होती. कुणी ओळखीचा दारात दिसला की मजीद त्याला बोळाच्या तोंडाशीच गाठून परत पाठवी. दाजी नानासाहेबांना आहेर द्यायला म्हणून निघाले, तेव्हा मजीद म्हणाला, "घोडी लंगडी चल रई." दाजींनी घोडीचे चारही पाय तपासले, पुन्हा तपासले, आणि म्हणाले, "मजीद, तुझी नजर गेली बघ. दाखव एकदा आमच्या जालन्याच्या डॉक्टरला."

दुपारपर्यंत आम्ही खिंड लढवली. मग सोयगावाहून सर्व्हिस मोटारीने वऱ्हाड आलं. सोळुंके मोटारीतून उतरले, जागेवरच दोन्ही हात वर केले आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्याही, लई वाईट झालं हो! अड्ड्यावर आत्ताच कळलं. नानासाहेब गेले. आता तुमाला सुतक पडलं, कसं करायचं?"

दाजी उभे होते तसेच राहिले. त्यांच्या हातात हळदीचं ताट होतं. मी ते काढून घेतलं, नाहीतर पडलंच असतं. मांडवात सगळे जमलेले. वऱ्हाडी, शेजारी, आणि वर्षानुवर्षं चुलतभावाच्या गोष्टी ऐकलेला स्टेशनवरचा झाडून सगळा टांगेवाला. दाराच्या फटीतून भागू बघत होती. दाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"सुतक नाय मला," ते म्हणाले.

"अहो, असं कसं? चुलतभाऊ ना तुमचे?"

"नव्हते," दाजी म्हणाले. "कुनीच नव्हते माझे. मी रोज त्यांना टांग्यात नेत हुतो, एवढंच. बाकी सगळं मी माझ्या मनानं सांगत हुतो. तुमाला फसवलं म्हना, काय म्हनायचं ते म्हना. पोरीची काय चूक नाय यात."

एरवी हसायची एक संधी न सोडणारे टांगेवाले, पण त्यांच्यातलं कुणीही हसलं नाही. मजीद खाली बघत होता. माझा दाजींवर वीस वर्षांचा साठलेला राग होता, तो त्या घटकेला कुठे गेला मला कळलं नाही.

सोळुंके मात्र व्यवहारी माणूस. त्यांनी एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा चुलवणावर शिजणाऱ्या बुंदीच्या पाकाकडे, एकदा मोटारीतून उतरणाऱ्या आपल्या गोतावळ्याकडे. मग पगडी सारखी केली.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "आता ते तुमचे व्हते काय अन् नव्हते काय! मेलेला वकील काय कामाचा? खटल्याला तर दुसराच बघावा लागनार."

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि दाजी भडकले!

"ओ सोळुंके! नानासाहेबांबद्दल नीट बोलायचं! त्यांच्यासारखा मानूस तुमच्या साऱ्या तालुक्यात पैदा झाला नाय!"

सोळुंक्यांचे डोळे मोठे झाले. "अहो, पन ते तुमचे कुनी नव्हते ना?"

"नसतील! म्हनून काय कुनीबी उठून काय बी बोलायचं?"

पुन्हा लग्न मोडतं की काय म्हणून मी पुढे झालो, पण अक्का माझ्या आधी पोचली. तिने दाजींच्या हातात पुन्हा हळदीचं ताट कोंबलं आणि दातओठ खाऊन म्हणाली, "चला आत." दाजी आत गेले.

लग्न लागलं. थाटात लागलं. पाठवणीच्या वेळी दाजी इतके रडले की बायका म्हणाल्या, बापाचं काळीज ते. भागूसाठी ते रडले असतीलच. पण भागू गेली, मोटारीचा धुरळा खाली बसला, तरी ते थांबेनात, तेव्हा मला उमगलं. ज्या दिवशी तो माणूस गेला, त्याच दिवशी यांनी चारचौघांत सांगितलं होतं, की तो माझा कुणी नव्हता.

नानासाहेबांच्या दहाव्याला दाजी पहाटेच टांगा जुंपून निघाले. अक्काने मला मागे पिटाळलं. "मंगलकार्य झालेल्या घरात सहा म्हैने वस्तरा लागत नाय. भावनेच्या भरात मिशी उतरवून बसले तर मी घरात घेनार नाय, सांगून ठेव."

खाम नदीच्या काठी नानासाहेबांची खरी भाऊकी ओळीने मुंडणाला बसली होती. दाजी लांब, बाभळीखाली टांग्याजवळ उभे. पुढे व्हायला पाय उचलत नव्हता. विधी आटोपल्यावर नानासाहेबांचे धाकटे भाऊ काकासाहेब बोडक्या डोक्याने आमच्याकडे आले.

"कोण आपण?"

मी कान टवकारले. आता निघणार पणजोबा, म्हटलं, आणि गारखेड्याची शाखा.

"टांगेवाला हाय जी," दाजी म्हणाले. "साहेबांना अदालतीत न्यायचो."

"बरं झालं थांबलास. भटजीबुवांना गुलमंडीवर सोडून ये."

भटजी पुढे दाजींशेजारी बसले, मी मागे. निम्मा रस्ता सरला. दाजींच्या टांग्यात एवढी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. शेवटी भटजींनाच करमेना.

"नाव काय रे तुझं?"

"पुंजाराम."

"पुंजाराम कोण?"

दाजींनी घोडीला टिचकारी दिली. "नुसतंच पुंजाराम, म्हाराज."

त्या आडनावाचा मला वीस वर्षं वीट आला होता. पण ते 'नुसतंच' माझ्याने ऐकवेना.

"देशमुख आहेत ते," मी मागून ओरडलो. "नानासाहेबांच्या भाऊकीतले!"

भटजींनी चमकून दाजींच्या भरघोस मिशीकडे पाहिलं. "भाऊकीतले? मग मुंडण कसं नाही केलं?"

"घरात नुकतंच लग्न झालंय. सहा महिने वस्तरा चालत नाही."

"हां, मग बरोबर आहे." भटजी जरा सरकून नीट बसले आणि आदराने म्हणाले, "कोण लागायचे तुमचे नानासाहेब?"

दाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. मग पुन्हा रस्त्याकडे तोंड करून अगदी हळू आवाजात म्हणाले, "चुलत जी. पन लांबचे."