कोटातली बाळंतीण

घर माणसांना भाड्याने देऊन मालकी मात्र चिमण्यांकडे ठेवणारा घरमालक अख्ख्या सोलापुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. माझ्या खोलीच्या खिडकीची तावदानं त्यांनी काढून टाकली होती, चिमण्यांना येण्याजाण्याची सोय म्हणून. संक्रांत झाली की अण्णा घरोघरी जाऊन बायकांकडून सुगडं मागून आणत, चिमण्यांना घरटी करायला दोरी बांधून प्रत्येक वळचणीला टांगत आणि त्यांची जबाबदारी त्या त्या घरावर टाकून मोकळे होत. दुष्काळात आम्ही घागरीसाठी भांडत होतो, तेव्हाही दारातली चिमण्यांची वाटी भरलीय का, हे ते वाकून बघत. मला म्हणत, "आंघोळीला तांब्याभर कमी घ्या की, मास्तर. तुमाला कोण बघायला येतंय हितं?"

हे मला लागे, कारण मी तिशीतला अविवाहित मास्तर होतो आणि खरंच कोणी बघायला येत नव्हतं. चिमण्यासुद्धा. गल्लीतली सगळी सुगडं भरली, माझंच रिकामं. अण्णा रोज खालून ओरडत, "पावणं आलं का, मास्तर?" आणि मी नापास पोरासारखी मान हलवी.

वैशाखात अक्कलकोटचं एक स्थळ आलं. मुलगी बघायला निघताना खुंटीवरच्या माझ्या एकुलत्या एक कोटाला हात घातला, तर खिशातून गवत निघालं आणि पाठोपाठ चिवचिवाट! मी घाबरून अण्णांना हाक मारली. त्यांनी खिशात डोकावून पाहिलं आणि मलाच दंडाला धरून बाजूला केलं.

"बाळंतीण हाय तितं. कोटाला हात लावायचा न्हाय."

"अहो अण्णा, माझ्या लग्नाचं काय?"

"ते फुडच्या साली बी हुईल की. पिल्लं थांबत्यात व्हय?"

मग त्यांनी स्वतःच्या लग्नातला कोट आणून माझ्या अंगावर चढवला. अण्णांचं अंग तालमीतलं; त्या कोटात मी आणि माझे मामा दोघेही मावलो असतो.

अक्कलकोटला मुलीच्या वडिलांची नजर कोटावरून हलेना. शेवटी मुलीनेच विचारलं, "कोट कुणाचा?" वेळेवर थाप सुचण्याइतकी हुशारी माझ्यात कधीच नव्हती, त्यामुळे सगळी हकिकत सांगून टाकली. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "पिल्लं उडाली की कळवा." मी कळवलं, आणि लग्न ठरलं. तेही अण्णांच्याच कोटात लागलं, कारण माझा घालण्याच्या लायकीचा राहिलाच नव्हता.

आता अण्णा नाहीत. वळचणी जाऊन स्लॅब आले. संक्रांत झाली की बायको गॅलरीत एक सुगड टांगते. तिकडे कोणी फिरकत नाही. तरी मी रोज सकाळी त्यात डोकावतो आणि मग उगीचच कठड्यावरून खाली बघतो. "पावणं आलं का, मास्तर?" असं कोणीतरी विचारावं, असं फार वाटतं. उत्तर अजूनही नाही असंच आहे, पण विचारायला तरी कोणी हवं होतं.