उरलेले तेहतीस दिवस

रणजीत थिटे तसा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. चाकणच्या एका कंपनीत सोळा वर्षं तो साचे दुरुस्त करायचं काम करत होता, आणि साचा आपल्या हातून बिघडला तर शिफ्ट संपायच्या आत सुपरवायझरला जाऊन सांगायचा. लाइनवरचे लोक म्हणायचे, "राव, तुझ्यापायी आम्हालाही खरं बोलावं लागतंय." अशा माणसानं सख्ख्या आईला फसवलं, तेही देवाच्या कामात.

मुळात सगळं सुरू झालं बार्शीजवळच्या त्याच्या गावच्या शाळेत. सातवीत असताना नकाशात काळा समुद्र दिसला तेव्हा त्यानं विचारलं, "गुरुजी, तिथलं पाणी खरंच काळं असतं का?" गुरुजी म्हणाले, "तू जाऊन बघून ये, मग आम्हाला सांग." सगळा वर्ग हसला. ते हसणं त्याच्या डोक्यातून गेलं नाही. रहाटणीत फ्लॅट झाला, मुलगी दहावीला गेली, तेव्हा एके दिवशी तो बायकोला, वर्षालीला म्हणाला, "मोटारसायकलवर जाऊन येतो काळ्या समुद्रापर्यंत." गाडी बोटीनं दुबईला, आपण विमानानं, आणि तिथून सौदी, कुवेत, इराक, तुर्कस्तान. गेल्या वाटेनंच परत. साठवलेल्या सगळ्या रजा आणि वर बिनपगारी, मिळून अडीच महिने.

गाडी तयार केली कुरुळीच्या नुमान मेकॅनिकनं. कॅरिअर बसवताना त्यानं विचारलं, "अम्मी काय म्हणाल्या?"

"अजून सांगितलं नाही."

"कमाल आहे भावा! पाच देशांचे व्हिसा काढलेस, घरचा राहिला की!"

घरचा व्हिसा अवघड होता. रणजीतचे वडील मोशीजवळ मोटारसायकलच्या अपघातातच गेले होते, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून रणजीतची गाडी जिन्याखाली लागल्याचा आवाज आल्याशिवाय त्याची आई, शालनबाई, जेवायला बसत नसत. अडीच महिने ऐकून त्या हाय खातील, या भीतीनं त्यानं सांगितलं, "आई, गाडी घेऊन दुबईला चाललोय. महिन्याभरात परत." पाच देशांतला एक देश आणि अडीच महिन्यांतला एक महिना. बाकीचं त्यानं पोटात ठेवलं. वर्षालीला ते पटलं नव्हतं, पण आई आणि मुलाच्या मधे आपण कशाला, म्हणून ती गप्प बसली.

निघायच्या दिवशी शालनबाईंनी त्याला ओवाळलं आणि त्या खाली पार्किंगमध्ये आल्या. पाय उघडे होते.

"आई, चप्पल विसरलीस."

"इसरले न्हाई, ठेवली वर. आई भवानीला बोललेय. माझं लेकरू आपल्या देशात परत पाय टेकवीपर्यंत पायात काय घालायची न्हाई." मग त्याचा चेहरा बघून हसल्या. "महिना तर हाय बाबा. लहानपणी काय बूट घालून हिंडत हुतो व्हय आमी?"

वर्षालीनं नवऱ्याकडं बघितलं. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. सांगितलं असतं, तर त्या रडल्या असत्या, चिडल्या असत्या, पण नवस तरी हिशेबानं बोलल्या असत्या. रणजीतच्या ओठावर आलंही होतं. तेवढ्यात शेजारचे लोक हार घेऊन आले, कुणी फोटो काढायला लागलं. तो वाकला, त्या उघड्या पायांवर डोकं ठेवलं आणि विमानतळाच्या टॅक्सीत बसला.

प्रवास चांगला झाला, नाही म्हणायला जागा नाही. सौदीतला रस्ता दिवसभर चालवला तरी वळत नव्हता. इराकमध्ये एका चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईनं वाटेत खायला म्हणून भाकरीसारखी गरम रोटी पिशवीत कोंबली. त्या बाईच्या पायात काय आहे, हे रणजीतनं आधी बघितलं. जिथं जाईल तिथं त्याला तीच सवय लागली. बाजारात, पेट्रोल पंपावर, कुठंही म्हातारी बाई दिसली की नजर खाली जायची. तिसाव्या दिवशी त्यानं आईला फोनवर सांगितलं, "दुबईतच आहे गं, गाडीचे कागद अडकलेत." दुसरी थाप पहिलीपेक्षा सोपी गेली.

इकडं चैत्र तापला होता. शालनबाईंना साखरेचा आजार. पहाटेचं देऊळ, काळेवाडीची भाजी, सगळं त्या तशाच पायांनी करत. अंगठ्याला फोड आला, फुटला, आणि चिघळला.

एक्केचाळिसाव्या दिवशी रणजीत तुर्कस्तानातल्या डोंगराळ गावात टपरीपुढं थांबला होता. समुद्र दोन दिवसांवर राहिला होता. वर्षालीचा फोन आला.

"आईंचा अंगठा काळा पडायला लागलाय. डॉक्टर म्हणतात, पाय असाच रस्त्यावर टेकवला तर अंगठा काढावा लागेल. मी पाया पडले त्यांच्या, पण ऐकत नाहीत. म्हणतात, देवीला शब्द दिलाय, डॉक्टरला न्हाई. अहो, तुम्ही या."

"आलो तरी गाडी पोचवून यायला आठवडा जाईल."

"मग गाडी सोडून या."

गाडी अशी परक्या देशात सोडता येत नाही, बाहेर नेल्याचा कागदावर शिक्का लागतो, हे सगळं खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि हे त्या टपरीपुढं उभ्या रणजीतला चांगलं कळत होतं. समुद्र दोन दिवसांवर होता.

"आईला फोन दे," तो म्हणाला.

"काय सांगणार आहात?"

"दे तू."

शालनबाई फोनवर आल्या, तसा तो म्हणाला, "आई, आलो मी. मुंबईत उतरलो."

"आलास? टेकलं पाऊल?"

"टेकलं."

"आई भवानी, पावलीस गं बाई!" त्या रडायलाच लागल्या. "कवा येतोस घरी?"

"गाडी बंदरात अडकलीय. सोडवून घेऊनच येतो, महिना जाईल. डॉक्टर सांगतील तसं कर तू."

"करते की. आता काय हरकत हाय? वर्षाली, माझी चप्पल काढ गं."

फोन बंद झाला. पुढचे पंधरा दिवस वर्षाली त्याच्याशी हो आणि नाही याच्यापलीकडं बोलली नाही. आपल्या हातानं सासूपुढं चप्पल ठेवली होती तिनं.

तिसऱ्या दिवशी रणजीत काळ्या समुद्राच्या काठी पोचला. पाणी निळं होतं, आपल्या कोकणातल्यासारखंच. एवढ्याचसाठी माणूस तीस वर्षं झुरतो का, असं मनात आलं. फोटो काढायला मोबाइल वर केला आणि तसाच खिशात ठेवला. पाव तास बसला, आणि गाडी परत फिरवली.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी तो खरोखर मुंबईत उतरला. घरी आला तेव्हा शालनबाई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला उभ्या होत्या. अंगठा वाचला होता, नख तेवढं गेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत होत्या, "बोलले ते आईनं ऐकलं बघा. येळेवर पाऊल टेकवलं माझ्या लेकरानं." तो तिथं असला की मोजे काढायच्या निमित्तानं खाली बघत बसे.

मंगळवारी तुळजापूरला जाऊन ओटी भरायचं ठरलं. सोमवारी संध्याकाळी शालनबाई स्वयंपाकघरात बसून खण, नारळ, हिरव्या बांगड्या पिशवीत भरत होत्या. देवीपुढं ही खोटी ओटी जाणार, हे काही त्याच्यानं बघवेना.

"आई, थांब जरा. मी त्या दिवशी मुंबईत नव्हतो."

"मग कुठं हुतास?"

"तुर्कस्तानात. तेहतीस दिवसांनी आलो. तुला सांगितलं ते खोटं होतं. आणि निघताना महिना म्हणालो, तेही."

शालनबाईंनी नारळ पिशवीतून काढून परत ओट्यावर ठेवला. आधी सुनेकडं बघितलं. "तुला ठावं हुतं?"

"होय आई," वर्षाली म्हणाली.

"बरं." मग मुलाकडं वळल्या. "माझा पाय वाचावा म्हून बोललास?"

इथं हो म्हणाला असता तर त्यांनी मानलं असतं. अर्धं खरंही होतं.

"अर्धं त्याच्यासाठी. अर्धं समुद्रासाठी."

शालनबाईंनी खण आणि बांगड्याही पिशवीतून बाहेर काढल्या. मग उठल्या, आणि दाराजवळची आपली चप्पल उचलून माळ्यावर टाकली.

"आई! अंगठा जाईल!"

"ओरडू नगंस. उद्या तुळजापूर न्हाई. फेडायला निघाले हुते, पर नवस अजून पुराच झाला न्हाई. तेहतीस दिस चप्पल घातली मी, तेवढे ऱ्हायलेत. पर रस्त्यावर जायची न्हाई मी. घरात बसून काढीन. घरात कोण चप्पल घालतंय?"

"मी चालतो ना तुझ्याऐवजी अनवाणी."

"तुला कंपनीत बुटाबिगर आत घेत्यात का? आन् बोलले मी. तू न्हाई बोललास."

मग त्यांनी तेहतीस दिवस उंबरा ओलांडला नाही. पहाटेची काकडआरती खिडकीत उभं राहून ऐकायच्या आणि तिथूनच हात जोडायच्या. हळदीकुंकवाच्या बायका वर येऊन जायच्या. "कसलं व्रत हो शालनबाई?" कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हाय एक. मागं ऱ्हायलेलं." मुलाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. ते रणजीतला सगळ्यात जड गेलं. रोज संध्याकाळी कंपनीतून आला की मान वर करून बघायचा. खिडकीत त्या असायच्याच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा धीर करून तो म्हणाला, "सांगून हलकं व्हावं असं वाटलं गं. माझं हलकं झालं, तुझ्यावर येऊन पडलं."

"व्हय," त्या गवार निवडत म्हणाल्या. "ते कळलं तुला, बरं झालं. पर समुद्र तरी मन भरून बघितलास का?"

"नाही. पाव तास."

"मग काय मिळवलंस रे बाबा?" त्या म्हणाल्या, आणि गवारीचं ताट सुनेला दिलं.

तेहतीस दिवस झाले. तुळजापूरचं ठरलं तो परत मंगळवारच होता. रणजीतची एकही रजा उरली नव्हती. बिनपगारी मागायला गेला तर साहेब नुसते हसले. सासूसून दोघीच पहाटेच्या एसटीनं गेल्या. तो फर्स्ट शिफ्टला मशिनपुढं उभा राहिला. हातातलं काम एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं, तेव्हा जोडीदार म्हणाला, "थिटे, आज कुठल्या देशात आहात?"

दुपारच्या चहाला कँटीनमध्ये बसला होता तेव्हा मोबाइल वाजला. मागं घंटा, माणसांचा गलबला, "आई राजा उदो उदो".

"रणजीत," शालनबाई मोठ्यानं बोलत होत्या, "पोचलो आमी. ओटी भरली."

"बरं झालं आई."

"तुळजापुरातच हाय बरं का. खरंच हाय. ह्या वर्षालीला इचार पायजे तर."

पलीकडं वर्षाली खळखळून हसली. शालनबाईही हसल्या, किती तरी दिवसांनी. रणजीतनं हसायचा प्रयत्न केला. मग चहा तसाच ठेवून नळावर गेला, आणि भोंगा वाजेपर्यंत तोंड धूत राहिला.